वाळवणाचं कपाट

एखादी वस्तू घ्यावी की घेऊ नये, ह्याचा निर्णय माणसाने दुकानाच्या पायरीवरच करून टाकावा. वस्तू घरी आणू, वापरून बघू, चार लोकांना विचारू आणि मग ठरवू असं म्हणणारा माणूस हळूहळू त्या वस्तूच्या मालकीचा होतो. हल्ली बरेच जण घरात फळं-भाज्या सुकवायचं यंत्र घ्यायचं म्हणतात आणि "तुम्ही म्हणे पूर्वी वापरलं होतं," असं म्हणत माझा सल्ला विचारायला येतात. मी त्यांना बसवतो, चहा देतो आणि विचारतो, "तुमचा कुणाशी अबोला आहे का?" लोक चहा अर्धा टाकून उठतात. पण प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे.

गोष्ट पासष्ट सालच्या पावसाळ्यातली. मी तेव्हा लोणावळ्याला नगरपालिकेत पाणीपट्टी खात्यात कारकून होतो. ज्या गावात वर्षातले चार महिने आभाळ फुकट पाणी घरपोच करतं, तिथे पाण्याचे पैसे मागत हिंडणं हे काम किती मानाचं, ते सांगायला नको. राहायला भांगरवाडीत भिमाजीरावांची चाळ होती. बैठी, पत्र्याची, पुढे सलग पडवी. घरमालक भिमाजीराव रेल्वेतले निवृत्त गार्ड. नोकरी संपली तरी शिट्टी गळ्यात राहिली होती. नळाला पाणी आलं की एक शिट्टी, पोरांनी भिंतीवर कोळशाने लिहिलं की दोन, आणि दिवे मालवायची वेळ झाली की एक लांबलचक. चाळीतली माणसं गाडीच्या डब्यांसारखी त्यांच्या शिट्टीवर हलत आणि थांबत.

लोणावळ्याचा पावसाळा ज्यांनी काढला नाही त्यांना ओल म्हणजे काय ते कळणार नाही. मिठाच्या बरणीत पाणी सुटायचं, काडेपेटी छातीशी धरून गरम केल्याशिवाय पेटायची नाही, आणि ऑफिसातून आल्यावर कोपऱ्यात ठेवलेल्या चपलांवर चार दिवसांत हिरवळ उगवायची. कपडे शेगडीवर बांबूचं डालगं पालथं घालून त्याच्यावर वाळवायचे. ते वाळायचे नाहीत, फक्त त्यांना धुराचा वास लागायचा. मग ऑफिसात सगळ्यांच्याच अंगाला तो वास असल्यामुळे कुणी कुणाला नावं ठेवत नसे. आता तिथे सगळं बदललं असेल. मला मात्र अजूनही कुठे ओल्या सदऱ्याला धुराचा वास आला की एकदम पंचवीस वर्षांचं झाल्यासारखं वाटतं.

अशा गावात आम्हाला वाळवणाचं यंत्र घ्यायची बुद्धी का झाली, तर कुरड्यांमुळे. आणि कुरड्यांची अडचण का झाली, तर टोपीमुळे.

आमचं मूळ गाव आंबी, तळेगावजवळचं. थोरला भाऊ महिपती, म्हणजे आमचा दादा, तिथली शेती बघायचा आणि आई त्याच्याकडे असायची. त्या पावसाळ्याच्या तीन वर्षं आधी दादाच्या मुलीचं लग्न झालं होतं. मानपानात भावकीतल्या एकूण एक पुरुषांना फेटे मिळाले आणि मला टोपी. पांढरी, कडक इस्त्रीची, चांगल्यातली, पण टोपी. कारण मी लोणावळ्याला राहतो आणि पँट घालतो. वर दादा भर मांडवात म्हणाला, "बजाला टोपीच बरी. त्याला फेटा कुटं बांधता येतोय." मांडव हसला. मला फेटा बांधता येत नव्हता ही गोष्ट खरी होती, पण खऱ्या गोष्टी मांडवात सांगायच्या नसतात. मी भरल्या ताटावरून उठलो, टोपी खिशात घातली आणि तळेगाव स्टेशनापर्यंत चालत गेलो. पंगतीत जिलबी नुकतीच वाढायला घेतली होती, हे मला वाटेत सारखं आठवत होतं.

दादाचाही अपमान झालाच होता. भाऊ भरल्या ताटावरून उठून गेला हे सगळ्या गावाने पाहिलं. त्याने जाहीर केलं, "मी त्येच्या दारात पाय ठेवनार न्हाई. त्यानं माज्या दारात ठेवला तर हाकलनार न्हाई." म्हणजे माझ्यासाठी दार अर्धं उघडं होतं. पण अर्ध्या दाराने आत जाणारा मी नव्हतो. आईला मी तळेगावच्या आठवडी बाजारात भेटायचो, बटाट्याच्या ढिगांच्या आडोशाला. ती म्हणायची, "टोपी घालून ये, न्हाईतर बोडका ये, पर घरी ये." मी म्हणायचो, "बघू." मग ती माझ्या पिशवीत चार बटाटे जास्तीचे टाकायची आणि पदराने डोळे पुसायची. बटाटेवाला दरवेळी बघायचा आणि तोंड फिरवायचा. तो भला माणूस होता.

त्या लग्नापर्यंत दर वैशाखात मुक्तावहिनी आमच्या वाट्याच्या कुरड्या, सांडगे, पापड्या बिस्किटांच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात भरून पाठवायची. लग्नानंतर पाठवणी बंद झाली. डबा तेवढा आमच्याकडे राहिला, फळीवर, रिकामा. दहा बाय बाराच्या खोलीत जागेची एवढी ओढाताण, पण आमच्या हिने, नंदाने, त्या डब्यात दुसरं काही भरलं नाही. एकदा मी त्यात जुन्या पावत्या ठेवू लागलो तर तिने त्या काढून माझ्या हातात परत दिल्या.

दोन्ही घरांमध्ये येणंजाणं राहिलं होतं ते एकट्या चिमाबाईचं. ती डोंगरातल्या वाडीवरची. पावसाळ्यात रानभाज्यांची पाटी घेऊन लोणावळ्यात दारोदार हिंडायची आणि लावणीच्या दिवसांत आंबीला दादाच्या खाचरात कामाला जायची. मी तिला विचारायचो, "चिमामावशी, तिकडे पाऊस कसा आहे?" ती म्हणायची, "तुमच्या आईचा गुडघा बरा हाय आता." मी म्हणायचो, "मी पावसाचं विचारलं." ती म्हणायची, "व्हय, व्हय. आन् म्हईपतभाऊ बी इचारत हुता, लोनावळ्याला पाऊस कसा हाय म्हून."

त्या साली उन्हाळ्यात नंदाने स्वतःच कुरड्या करायचं ठरवलं. गहू भिजवले, चीक काढला, शिजवला, सोऱ्यातून चाळीच्या पत्र्यावर कुरड्या घातल्या आणि खाली आली. तेवढ्यात माकडांची टोळी आली. लोणावळ्याच्या माकडांना चिक्कीची सवय. कुरड्या त्यांना फारशा आवडल्या नसाव्यात, कारण त्यांनी त्या खाल्ल्या थोड्या आणि चाळीवर फेकल्या जास्त. भिमाजीरावांच्या खांद्यावर एक ओली कुरडई पडली आणि त्यांनी इतकी लांब शिट्टी मारली की माकडंसुद्धा थांबली. नंदा त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "वहिनींच्या अंगणात कुत्रंसुद्धा कधी वाळवणाला शिवलं नाही."

आणि असं असताना आषाढात सोमाटण्याचा हौशीराम दारात उभा राहिला.

हौशीराम कसल्या कसल्या वस्तूंचा एजंट होता. ह्या वेळी त्याने एसटीच्या टपावरून कमरेएवढं उंच एक पत्र्याचं कपाट आणलं होतं. हिरवा रंग, आत जाळीचे चार ट्रे, तळाशी दोन दांडगे विजेचे दिवे, वर वाफ जायला भोकं. दारावर सूर्याचं चित्र काढलेलं होतं. रंगाऱ्याने त्याला मिशा काढल्या होत्या, त्यामुळे तो सूर्य कमी आणि फौजदार जास्त दिसत होता.

"साहेब, मी कपाट विकत न्हाई," हौशीराम म्हणाला, "मी ऊन विकतो. ह्येच्यात आषाढात बी कुरडई वाळती. भाजी वाळवा, आमसुलं वाळवा. आन् स्वस्त किती. पुन्याला आसलंच इलायती येतं, त्येच्या पावपट किमतीत."

"बघू," मी म्हणालो. बघू हा माझा जुना शब्द.

"मग बघाच की. पंधरवडाभर वापरा. पसंत पडलं तर ठिवा, न्हाई पडलं तर मी उचलून न्हेतो. हाय काय त्येच्यात."

मी नंदाकडे पाहिलं. ती फळीवरच्या डब्याकडे बघत होती. मला कळत होतं की हे कपाट घेतलं आणि ते चाललं, तर आंबीच्या कुरड्यांची गरज संपली. मग दादाने पाठवल्या काय नि न पाठवल्या काय. ह्या विचाराने मला जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. नंदालाही झालेला दिसला नाही. पण आम्ही दोघंही म्हणालो, "ठेवा."

पहिली अडचण विजेची निघाली. चाळीला मीटर एकच आणि भाड्यात दर खोलीला एक बारका दिवा. आम्ही कपाट लावताच सगळ्या चाळीचे दिवे मंद झाले आणि शिट्टी वाजली. भिमाजीराव म्हणाले, "माझी ना नाही. पण वीज कचेरीतून परवानगी आणा. विना परवाना गाडी हलणार नाही."

वीज कचेरीतल्या कारकुनाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा दिवा आहे की शेगडी?"

मी म्हणालो, "आत दिवे आहेत, पण वाळवायला."

"दिव्याचा दर वेगळा, शेगडीचा वेगळा. शेगडीला स्वतंत्र मीटर लागतं. उजेड बाहेर पडतो का?"

"दार लावलेलं असतं, त्यामुळे नाही पडत."

"ज्याचा उजेड बाहेर पडत नाही तो दिवा कसा?"

"मग शेगडी म्हणा."

"त्याच्यावर स्वयंपाक होतो?"

"नाही."

"मग शेगडी तरी कशी?"

मी स्वतः सरकारी पद्धतीच्या कचेरीत काम करणारा माणूस. समोरचा कारकून किती कसलेला आहे हे मला लगेच ओळखू आलं आणि मनातल्या मनात मी त्याला नमस्कार केला. शेवटी आतून मोठे साहेब आले. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि तोड काढली. कपाटाचं दार चार बोटं उघडं ठेवायचं. म्हणजे उजेड बाहेर पडेल, म्हणजे तो दिवा ठरेल, आणि दिव्याला चाळीच्या मालकाची परवानगी पुरे.

तेव्हापासून आमचं वाळवणाचं कपाट कायद्याने दिवा झालं. भिमाजीराव येता-जाता आमच्या खोलीत डोकावून दार चार बोटं उघडं आहे ना, ते स्वतःच्या बोटांनी मोजून जायचे. दार उघडं राहिल्यामुळे आतली ऊब सगळी खोलीत यायची आणि खोलीतली ओल सगळी कपाटात जायची. नंदाने घातलेल्या कुरड्या चौथ्या दिवशी वरून कडक आणि आतून रबरासारख्या निघाल्या. त्यांना आंबूस वास येत होता. मी धीर करून एक तळलेली खाल्ली आणि म्हणालो, "वाईट नाही." नंदाने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे बोललो नाही.

कपाट परत करायचं, हे तिथल्या तिथे ठरलं असतं. पण शेजारच्या बयाबाईंची लेक बाळंतपणाला आली होती. बाळ बारा-तेरा दिवसांचं. बयाबाई दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नंदा, पोराला घालायला एक कोरडं दुपटं नाही गं. एक ट्रे देतेस?"

त्याला कोण नाही म्हणणार. एका ट्रेमध्ये दुपटी गेली, दुसऱ्यात लंगोट. दुपटी मात्र वाळली आणि छान ऊबदार निघाली. ती बातमी पडवीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मग कुणाची बंडी आली, कुणाच्या शाळेच्या वह्या आल्या. गणपतीच्या मेळ्यातल्या मंडळींनी ढोलकी आणली, ओलीमुळे तिचा आवाज बसला होता. ढोलकी ट्रेवर मावेना म्हणून ती कपाटासमोर, उघड्या दाराशी शेकत बसवली. खुद्द भिमाजीरावांनी एक लोकरी बनियन आणून दिला आणि जाताना दार मोजायला विसरले नाहीत. आमच्या कपाटात आमचं असं काहीच उरलं नव्हतं.

खोली तर भट्टी झाली होती. मला आत बसवेना. मी ऑफिसातून आलो की पडवीत बादली पालथी घालून तिच्यावर बसायचो, छत्री उघडून, कारण पडवी गळत होती. चहा तिथेच, जेवण तिथेच. नंदाही लंगोट उलटेपालटे करण्यात गुंतलेली, तिला नळावर जाऊन चार बायकांशी बोलायला सवड नव्हती. पाणीपट्टीच्या थकबाकीदारांनी मला त्या अवस्थेत पाहिलं असतं तर त्यांनी कधीच पैसे भरले नसते.

नेमकी त्या वेळी चिमाबाई कुरडूच्या भाजीची पाटी घेऊन आली. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की शेजारच्याशी बोलायलाही ओरडावं लागत होतं. तिने मला बादलीवर एकटाच ताट घेऊन बसलेला पाहिला आणि ती थबकली. मग तिने बयाबाईंना विचारलं, "सायेब आसं भायेर का बसल्यात?"

बयाबाईंना थोडी लाजच वाटत होती. त्या ओरडून म्हणाल्या, "काय सांगू, सगळ्या चाळीनं त्यांच्याकडे वाळत टाकलंय."

पत्र्यावरचा पाऊस, त्यात मधला "कडे" वाहून गेला. चिमाबाईला ऐकू आलं ते एवढंच, की सगळ्या चाळीने त्यांना वाळीत टाकलंय. आणि समोर पुरावा धडधडीत होता. घराबाहेर, पालथ्या बादलीवर, एकटा जेवणारा माणूस. तिच्या जागी मी असतो तरी दुसरं काही समजलो नसतो.

ती माझ्याजवळ आली, भाजीची एक जुडी माझ्या मांडीवर ठेवली. मी पैसे काढू लागलो तर तिने हात धरला. "ऱ्हाऊ द्या. तुमी नीट जेवा. हिम्मत सोडू नका," असं म्हणून ती त्या पावसात चालू लागली. मला वाटलं, कुरड्यांचं तिच्या कानावर गेलं असेल. चाळीत दुःख लपत नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी रविवारी दुपारी तळेगावची शटल येऊन गेली आणि थोड्या वेळाने चाळीच्या तोंडाशी चार-पाच माणसं दिसली. घोंगड्या, हातात काठ्या, पायाला गुडघ्यापर्यंत खाचराचा चिखल. सगळ्यांत पुढे दादा. तीन वर्षांत तो जरा वाळला होता, एरवी तसाच. त्याच्या गुलाबी फेट्यातून पाण्याची धार लागली होती.

मी बादलीवरून उठलो. त्याने माझ्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं, आणि मग तो चाळीकडे वळला.

"हितला पंच कोन हाय? पुडं या."

भिमाजीराव शिट्टी सावरत बाहेर आले. "मी मालक चाळीचा. काय काम आहे?"

"माज्या भावाला वाळीत टाकलंय त्ये खरं का?"

भिमाजीरावांना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, तीस वर्षं इंजिनाच्या शिट्ट्या ऐकल्याचा परिणाम. ते प्रसन्न होऊन म्हणाले, "हो, टाकलंय ना. आम्ही सगळ्यांनी टाकलंय. माझंसुद्धा आहे."

दादाने काठीवरची मूठ आवळली. "आन् वर तोंड करून सांगताय?"

"त्यात लपवायचं काय? त्यांनी आपणहून जागा दिली. सोय झाली सगळ्यांची."

"कसली सोय?"

"अहो, ह्या बयाबाईंच्या नातवाला विचारा. पहिलं टाकलं ते त्यांनीच."

मागून भावकीतला एक जण म्हणाला, "तान्ह्या पोरानं बी वाळीत टाकलं?" आणि त्याचा आवाज खरोखर कातर झाला होता. बयाबाई घाबरून बाळाला घेऊन आत गेल्या. दादा एक पाऊल पुढे सरकला. मी काहीतरी बोलायला हवं होतं, पण तीन वर्षांनंतर भावाशी बोलायचा पहिला शब्द मला सापडत नव्हता.

तेवढ्यात नंदा पदर डोक्यावर घेऊन दारात आली आणि तिने कपाटाचं दार सताड उघडलं. आत उजेडात ट्रेवर ओळीने लंगोट, मधल्या ट्रेवर भिमाजीरावांचा बनियन, आणि पुढ्यात ढोलकी. मिशांचा सूर्य बाजूला वळून भिंतीकडे बघत होता.

"भावजी," नंदा म्हणाली, "वाळत टाकलंय. वाळीत नाही."

सगळ्यांनी माना पुढे काढून आत पाहिलं. मग भावकीतल्या एकाला हसू फुटलं, दुसऱ्याला फुटलं, भिमाजीरावांनाही काय ते कळून तेही हसू लागले. हसला नाही तो दादा. तो उंबऱ्याच्या बाहेर उभा होता. मी वाळीत पडलो असतो तर त्याला आत यायला कारण होतं. आता कारण गेलं होतं, आणि पाय ठेवणार नाही हा शब्द तेवढा उरला होता. तो काठीने चिखल उकरत म्हणाला, "मग ठीक हाय. आमी निगतो. लावनी टाकून आलोय."

आषाढात, आंबेमोहोराची लावणी अर्ध्यावर टाकून. मावळातल्या माणसाला मी ह्याचा अर्थ सांगायला नको. दादा एकदा तापाने फणफणला होता तरी चिखलातून उठला नव्हता.

नंदाने हात पुढे केला. "फेटा भिजलाय, भावजी. द्या, वाळत टाकते."

दादाने क्षणभर विचार केला. फेटा खरोखरच ओझं झाला होता. त्याने तो उतरवला आणि दिला. आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण धाकट्या भावजयीपुढे बोडक्याने उभे आहोत. त्याने डोक्यावर हात ठेवला, काढला, परत ठेवला. मी त्याला असा कधी पाहिला नव्हता. त्याचे केस बरेच पांढरे झाले होते.

मी आत गेलो, ट्रंक उघडली. तळाशी डांबराच्या गोळ्यांत ती टोपी होती. तीन वर्षांत मी ती एकदाही घातली नव्हती आणि टाकूनही दिली नव्हती. मी ती आणून दादापुढे धरली. त्याने ती ओळखली. भावकीतल्या लोकांनीही ओळखली, कारण त्यांचं हसणं एकदम थांबलं.

दादाने टोपी घेतली, झटकली आणि डोक्यावर ठेवली.

"जरा घट्ट हाय," तो म्हणाला.

"मलाही घट्टच होती," मी म्हणालो.

तीन वर्षांनंतरचं आमचं पहिलं बोलणं हे असं टोपीच्या मापाबद्दल झालं. मग त्याने पायावर पाणी घेतलं, टोपी सारखी केली आणि उंबरा ओलांडला.

त्या दिवशी आमच्या खोलीत किती माणसं जेवली ते मला आठवत नाही. चाळीतल्या प्रत्येक घरातून काही ना काही आलं. दादाने घोंगडीखालचं गाठोडं सोडलं. वाळीत पडलेल्या घराला कुणी काही देणार नाही, दुकानदारसुद्धा, म्हणून वहिनीने घाईघाईने तांदूळ, मिरच्या, डाळ बांधून दिली होती. आणि खाली कुरड्या होत्या. बऱ्याच होत्या.

"एवढ्या?" नंदाने विचारलं.

"तीन सालांच्या हायेत," दादा ताटाकडे बघत म्हणाला. "तुमच्या वाट्याच्या दरसाली करती ती आन् माळ्यावर ठिवती. मी इचारलं कुनासाठी, तर म्हनती माकडांसाठी."

नंदा उठली, फळीवरचा डबा काढला आणि आमच्याकडे पाठ करून तो भरू लागली. बराच वेळ भरत होती. कुरड्या नाजूक असतात, त्यांना वेळ लागतो, असं आम्ही सगळे धरून चाललो.

"तू खरंच भांडायला आला होतास?" मी दादाला विचारलं.

"भांडाय न्हाई. म्हनलं इचारावं, का टाकलंय. न्हाई ऐकलं तर हितंच ऱ्हायचं तुज्यासंगं. वाळीत पडायचं तर दोगं पडू."

मी भाताचं आळं करण्यात गुंतलो.

मंडळी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघाली. लावणी थांबणारी नव्हती. फेटा कपाटात होता, पण दार कायद्याने उघडं असल्यामुळे तो दमटच राहिला होता. दादा टोपी घालूनच स्टेशनवर आला. गाडीत चढताना म्हणाला, "फेटा ऱ्हाऊ दे तुज्याकडं. वाळला की बांद."

"मला बांधता येत नाही."

"म्हाईत हाय. म्हून तर टोपी दिलती," तो म्हणाला, आणि गाडी सुटली. ह्या वेळी मला हसू आलं. तीन वर्षं उशिरा आलं, पण आलं.

पंधरवडा भरल्यावर हौशीराम आला. "काय साहेब, पसंत पडलं का?" मी त्याला खरं ते सांगितलं, की कुरड्या ह्यात वाळत नाहीत. तो कपाट उचलायला वाकला तर बयाबाई मध्ये आडव्या झाल्या. शेवटी सगळ्या चाळीने मिळून ते ठेवून घेतलं आणि भिमाजीरावांनी ते चाळीच्या बोळात बसवलं. बोळात पूर्वी अंधार असायचा. वीज कचेरीच्या म्हणण्याप्रमाणे तो दिवा होताच, आता खरोखरच दिवा झाला. त्या बोळात नंतर कितीतरी बाळांची दुपटी वाळली. चाळ पडली तेव्हा ते कपाट कुठे गेलं ते मला माहीत नाही. मिशांचा तो सूर्य मात्र मला अजून दिसतो.

म्हणून मी लोकांना अबोल्याचं विचारतो. अबोला नसेल तर कुरड्या कुणाच्या तरी अंगणातून येतीलच, यंत्र कशाला. आणि असेल तर यंत्राने भागत नाही.

दसऱ्याला मी आणि नंदा आंबीला गेलो. फेटा मी पिशवीत घडी करून नेला होता. तोवर तो चांगला वाळला होता, फक्त त्याला बाळाच्या दुपट्यांचा आणि धुराचा वास येत होता. दादा अंगणात उभा होता, डोक्यावर माझी टोपी. वहिनी दारात होती. आई ओट्यावर गुडघा धरून बसली होती आणि आज तिला बटाट्याच्या आडोशाची गरज नव्हती. मी पिशवीतून फेटा काढला आणि दादापुढे धरला. त्याने एक टोक हातात घेऊन बोटांनी चाचपलं.

"वाळला?"

"वाळला."

"मग वाकव डोकं," दादा म्हणाला.

मी वाकवलं.